दिवसाकाठी एक फोटो

फोटो काढणे हा आपल्याकडे फार वर्षे एक समारंभ होता. लग्न ठरले, मूल वर्षाचे झाले, घरातले कोणी दूरदेशी निघाले, की सारे घर नटूनथटून स्टुडिओत जाई. मागे रंगवलेला पडदा, त्यावर महाल आणि कमानी. शेजारी उंच तिवईवर कागदी फुले. फोटोग्राफर काळ्या फडक्याखाली डोके घाली आणि आतून बजावी, 'हलू नका!' जुन्या अल्बमातली माणसे एवढी गंभीर का दिसतात, याचे कारण स्वभावात नाही, त्या 'हलू नका'मध्ये आहे. आपल्या आज्या-पणज्या हसत नव्हत्या असे थोडेच आहे!

पुढे कॅमेरा घरात आला. माझ्या वडिलांकडे आग्फाचा 'क्लिक थ्री' होता. एका रोलात बारा फोटो. दिवाळीत भरलेला रोल मे महिन्यातल्या एखाद्या मुंजीपर्यंत पुरवायचा, असा घरचा दंडक होता. वडील डोळा लावीत, क्षणभर थांबत, आणि 'नको, उगीच एक वाया जायचा' असे म्हणून कॅमेरा पुन्हा कातडी पिशवीत ठेवीत. त्यामुळे आमच्या लहानपणाचे जे काही फोटो उरले आहेत त्यांत आम्ही भावंडे कायम नव्या कपड्यांत आहोत. परकराला ठिगळ लावलेली, हातात पाटी घेतलेली, आईच्या मागे चुलीपाशी बसलेली मी कोठेच नाही. वास्तविक वर्षाचे तीनशेसाठ दिवस मी तशीच असे.

आता काळ उलटला आहे. फोन ज्याच्या त्याच्या हातात आहे आणि त्यात रोल संपण्याची भीती नाही. आमच्या सूनबाईंच्या फोनात नऊ हजारांवर फोटो आहेत. मी एकदा सहज विचारले, "यांतले पुन्हा पाहतेस किती?" ती हसली आणि म्हणाली, "आई, पाहायला वेळ कुठे असतो?" बाराची चणचण होती तेव्हा एकेक फोटो बोटे न लावता, कडेला धरून पाहत असू. नऊ हजारांच्या सुबत्तेत एकाकडेही धड पाहणे होत नाही.

या विचारातूनच गेल्या दिवाळीच्या पाडव्याला मी एक नेम धरला. दिवसाकाठी एक फोटो. कमी नाही आणि जास्तही नाही. एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत हजेरी घेतल्यामुळे रोजचे काम रोज करण्याची हाताला सवय आहे. नियम चारच केले. पहिला, फोटो रोजच्या जगण्यातल्या गोष्टीचा हवा. सणाच्या पोशाखाचा नको. दुसरा, माणसाचा काढायचा तर त्याला विचारून, पण 'इकडे बघा, हसा' असे सांगून नव्हे. तिसरा, दिवस उलटला की तो गेला. आज दोन काढून कालची भरपाई करायची नाही. आणि चौथा, रात्री निजण्यापूर्वी वहीत तारीख घालून एक ओळ लिहायची. वही शाळेतल्या हजेरीपटासारखीच आहे, लांबट आणि निळ्या पुठ्ठ्याची.

आरंभी घरातून उत्तेजन मिळाले असे मात्र म्हणता येणार नाही. तिसऱ्या दिवशी मी न्हाणीघरातल्या तांब्याच्या घंगाळाचा फोटो काढला, तेव्हा आमचे 'हे' वर्तमानपत्रातून डोके वर काढून म्हणाले,

"अगं, त्याला पोचे आलेत. चांगलं घासूनपुसून तरी काढायचा!"

"पोच्यांसाठीच काढलाय," मी म्हटले.

त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र वर केले. सातव्या दिवशी त्यांच्या चष्म्याचा फोटो निघाला. काडी दोऱ्याने बांधलेली होती. त्या संध्याकाळी ते कुणी न सांगता जाऊन नवी काडी बसवून आले. फोटोचा हा एक उपयोग मला आधी ठाऊक नव्हता.

ही कल्पना माझी आहे असा माझा दावा नाही. रोज थोडे थोडे टिपत राहण्याचे थोर उदाहरण आपल्या मराठी माणसाचेच आहे. दादासाहेब फाळके 1912 साली लंडनहून परतले, तेव्हा चित्रपटासाठी भांडवल कोणी देईना. हलते चित्र म्हणजे काय हे ज्याने पाहिलेच नाही तो पैसा कशाच्या भरवशावर घालणार? दादासाहेबांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोखला आणि महिनाभराहून अधिक काळ दररोज त्या रोपाची चित्रे घेतली. सारी चित्रे सलग पट्टीत फिरवली तेव्हा मिनिटाभरात बी फुटले, कोंब मातीबाहेर आला आणि पाहता पाहता वेल डोलू लागला. 'अंकुराची वाढ' या नावाने ती चिमुकली फिल्म ओळखली जाते. ती पाहून पैसे देणाऱ्यांची खात्री पटली, सरस्वतीबाईंनी आपले दागिने पुढे केले, आणि 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. राजा हरिश्चंद्राच्या आधी वाटाणा, हे आपण विसरतो. रोप रोज वाढतच होते. ते कोणाला दिसत नव्हते एवढेच. रोज समोर बसून टिपणारा माणूस भेटला तेव्हा ते दिसले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. न्यूयॉर्कला जेमी लिव्हिंगस्टन नावाचा एक तरुण होता. 31 मार्च 1979 रोजी त्याने पोलरॉइड कॅमेऱ्यावर, म्हणजे ज्यातून लगोलग छापील फोटो बाहेर पडे अशा कॅमेऱ्यावर, रोज एक फोटो काढायला सुरुवात केली. पोलरॉइडचे पाकीट स्वस्त नसे, आणि तोही दिवसाला एकच काढी. मित्र, जेवणाचे ताट, रस्ता, बेसबॉलचा सामना, जे समोर येईल ते. असे त्याने अठरा वर्षे केले. पुढे त्याला मेंदूचा कर्करोग झाला. शेवटच्या फोटोंत इस्पितळाची खाट येते. त्याच काळात त्याचे लग्न लागले, त्याचाही फोटो आहे. 25 ऑक्टोबर 1997 रोजी, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशीच, तो गेला. त्या दिवसापर्यंतचे फोटो आहेत. सहा हजारांहून अधिक. मित्रांनी ते सांभाळले, तारखांप्रमाणे लावले आणि 2007 साली त्याच्या कॉलेजात त्यांचे प्रदर्शन भरवले. त्यातला एखादा सुटा फोटो पाहिला तर कुणी म्हणेल, यात काय विशेष? पण ओळीने पाहत गेले की एका माणसाचे आयुष्य डोळ्यांसमोरून जाते.

आता आमच्या गावाविषयी. आमचे लोणी म्हणजे लोणी काळभोर. हे आधीच सांगितलेले बरे, कारण हवेली तालुक्यातच नगर रस्त्यावर लोणी कंद आहे आणि पाहुणे हटकून तिकडे जाऊन तिथून फोन करतात. आमचे गाव सोलापूर रस्त्यावर, हडपसर आणि मांजरी मागे टाकली की लागते. एका अंगाला दौंडकडे जाणारी रेल्वे, दुसऱ्या अंगाला कालवा, मधून रात्रंदिवस धावणारे तेलाचे टँकर. फोटो काढण्यासारखे गावाभोवती पुष्कळ आहे. थेऊरचा चिंतामणी जवळच आहे. थोरले माधवराव पेशवे 1772 साली तिथेच वारले. रामदऱ्याचे महादेवाचे देऊळ आणि त्यासमोरचे तळे आहे. राज कपूर यांचा राजबाग मळा इथलाच. त्या परिसरात आता विद्यापीठ आहे, आणि 2018 साली उद्घाटन झालेला विश्वशांती घुमट लांबून दिसतो. आषाढी वारीत तुकोबांची पालखी पुण्याहून निघाली की लोणी काळभोरचा मुक्काम असतो.

पण या साऱ्यांचे फोटो हजारो लोक काढतात. घुमटाला माझी गरज नाही. पालखीच्या दिवशी जो तो फोन उंच धरून उभा असतो. मी दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडले. रस्ता झाडणारी बाई, कोपऱ्यात रचलेल्या पत्रावळी आणि कुण्या वारकऱ्याची ओट्यावर राहून गेलेली एक चप्पल, एवढेच त्या दिवशीच्या फोटोत आहे. वहीत ओळ लिहिली, 'पालखी पुढे गेली.' हिवाळ्यात कवडीपाटला नदीवर दूरदेशचे पक्षी उतरतात, तेव्हा भलेमोठे कॅमेरे घेऊन पुण्याहून मंडळी पहाटेच येतात. तिथे मी काढला तो चक्रवाकांच्या जोडीचा. पण त्याच फोटोत पाण्यावरचा फेस आला आहे आणि वाहून आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्याही. तेही तिथले रोजचेच आहे.

काही महिने झाल्यावर वही चाळायला बसले, तेव्हा एक मौज ध्यानात आली. सुटे सुटे काढलेले फोटो आपापसात बोलू लागले होते. मागच्या अंगणातून दिसणारे उसाचे रान कार्तिकात उंच होते, पौषात तुटले, माघात काळेभोर मोकळे पडले, आणि चैत्रात तिथे चुन्याच्या रेघा आखलेल्या दिसल्या. आता तिथे खांब उभे आहेत. मी काही इमारतीची नोंद ठेवायला निघाले नव्हते. मी कधी वाळत घातलेल्या गोधडीचा फोटो काढला होता, कधी कुंपणावरच्या भारद्वाजाचा. रान मागे आपोआप येत होते. वृद्धांना वाटते गाव एका रात्रीत बदलले. माझी वही सांगते, एका रात्रीत नाही. रोज बदलत होते. फाळक्यांच्या वाटाण्यासारखेच.

याच वहीत शेजारच्या आजी आहेत. आमच्या दारासमोर त्यांचा ओटा. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी अधू, पण धान्य निवडण्याचे काम त्यांनी सुनेकडे दिले नव्हते. बोटांनी खडा ओळखीत. पहिल्यांदा मी विचारले, "आजी, फोटो काढू का?" तेव्हा त्या म्हणाल्या, "काढा की बाई. पन मला थांबायला सांगू नका. माझी ज्वारी ऱ्हाईल." एवढे मोकळे परवानापत्र मला दुसऱ्या कोणी दिले नाही. काहींनी सरळ नकार दिला. एका भाजीवालीने आधी नाही म्हटले, मग महिन्याभराने आपणहून बोलावले आणि पाटीतल्या वांग्यांचा काढायला लावला, स्वतःचा नाही. तेही बरोबरच. चेहरा ज्याचा त्याचा असतो.

श्रावण संपता संपता आजी गेल्या. रात्री जेवल्या, निजल्या, सकाळी उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा थोरला मुलगा आमच्या ओसरीवर आला. मिशा पांढऱ्या झालेला गृहस्थ, पण बोलताना खाली पाहत होता.

"बाई, आमच्या आईचा एखादा फोटू असंल का तुमच्याकडं? दहाव्याला पायजे."

घरात शोध घेऊन झाला होता. आधार कार्डावरचा एक होता. त्यात आजी कुणालाच ओळखू येत नव्हत्या. नातवाच्या लग्नाच्या भल्यामोठ्या अल्बमात एक होता. त्यात त्या कडेला अर्ध्या कापल्या गेल्या होत्या आणि समोर कुणाचा तरी फेटा आला होता. लग्नाला फोटोग्राफर दोन होते, आणि वर उडणारा कॅमेराही होता. ज्या बाईने त्या घरात साठ वर्षे भाकरी थापली तिचा धड एक फोटो निघाला नव्हता. यात मुलांचा दोष म्हणावा तर तसेही नाही. फोटोची वेळ आली की आजी आत असत, चुलीपाशी किंवा पोराटोरांपाशी. आणि ती सदा समोरच आहे, तिचा फोटो कशाला काढायचा?

मी वही उघडली. दिवाळीपासूनच्या फोटोंत आजी तेवीस वेळा होत्या. पाचांत त्याच मुख्य, बाकीच्यांत कुठे ना कुठे मागे : कधी ओट्यावर पाठमोऱ्या, कधी दारात नुसता हात आणि हातावरचे गोंदण, कधी शेळीला पाला घालताना. त्यांचा मुलगा एकेक पाहत गेला. गोंदणाच्या फोटोपाशी पुष्कळ वेळ थांबला. आमचे 'हे' उठून आत गेले आणि न सांगता चहा टाकून आले.

शेवटी मार्गशीर्षातला एक निवडला. कोवळ्या उन्हात आजी मांडीवर सूप घेऊन बसल्या आहेत, बोटे ज्वारीत, आणि कुणाच्या तरी हाकेला उत्तर द्यायला मान वर केली आहे. पदर खांद्यावर उतरला आहे. हसू पुरते आलेले नाही, येऊ घातले आहे.

फोटो मोठा करायला ती मंडळी गेली, तेव्हा त्यांच्या आग्रहावरून मीही बरोबर होते. दुकानातला मुलगा हुशार, कामात तरबेज. पडद्यावर फोटो पाहून म्हणाला, "मागचं सगळं काढून निळं करतो. डोक्यावर पदर घेऊन देतो. सूप काढून टाकतो; हाराच्या फोटोत तसलं चांगलं दिसत नाही. पाच मिनिटांचं काम आहे." मुलगा आणि पुतणे एकमेकांकडे पाहू लागले. रीत तर तशीच आहे. भिंतीवरच्या फोटोत माणूस निळ्या आभाळात तरंगत असतो. तेवढ्यात आजींची थोरली लेक, इतका वेळ मागे उभी होती ती, पुढे आली.

"सूप काढलं तर आई बसलीया कशाला म्हनायचं?"

कुणी काही बोलले नाही. मग थोरला म्हणाला, "ऱ्हाऊ दे. पदर बी हाय तसाच ऱ्हाऊ दे." तो फोटो आता त्यांच्या घरात भिंतीवर आहे. हार आहे, चंदनाचा. हाराखाली सूप दिसते.

त्यानंतर गल्लीत माझ्या नेमाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. घंगाळाचे फोटो काढणारी बाई म्हणून जी माझी ख्याती होती तिला थोडा भारदस्तपणा आला. एकीने येऊन हळूच सांगितले, "आमच्या मामंजींचा काढाल का? त्यांना कळू न देता." मी म्हटले, कळू न देता नाही, पण सकाळी येत जाईन. माणूस दोनतीन दिवसांत फोनला विसरतो आणि आपल्या कामाला लागतो. तेव्हा काढावा.

घरातही एक बदल झाला. एका रविवारी 'हे' वही चाळत होते. शेवटच्या पानापर्यंत गेले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "सगळं आहे यात. माझी चप्पलसुद्धा आहे. तू कुठे आहेस?" फोटो काढणारा फोटोत नसतो, ही अडचण जुनीच आहे, माझ्या वडिलांचेही म्हणून फार थोडे फोटो आहेत. त्या दिवसापासून आमच्या घरी रविवारचा फोटो 'हे' काढतात. चारांपैकी दोनांत बोट मध्ये येते. पण बोटही ओळखीचेच आहे, तेव्हा मी ते ठेवते.

वाचक भगिनींपैकी आणि बांधवांपैकी कुणाला हा नेम धरावासा वाटला तर चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. ऊन तिरपे असते तेव्हा, म्हणजे सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर, चेहरे चांगले येतात. भर दुपारी डोळ्यांखाली काळोख पडतो. घरात काढायचा तर माणसाला खिडकीकडे तोंड करून बसू द्यावे. काढल्याची तारीख फोनच्या फोटोत आपोआप नोंदलेली असते, परंतु तोच फोटो व्हॉट्सॲपवरून धाडला की वाटेत ती नोंद गळून पडते. म्हणून पाठवताना तारीख वेगळी लिहावी. महिन्याकाठी निदान चारदोन फोटो कागदावर छापून घ्यावेत. फोन पाण्यात पडतो, हरवतो, बिघडतो. कागद कपाटात राहतो. आणि छापलेल्या फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नाव, गाव, तारीख घालावी. जुन्या अल्बमांतली निम्मी माणसे आज अनामिक झाली आहेत ती केवळ या एका ओळीवाचून. कोण आहे हे सांगणारे माणूस होते तोवर कुणी विचारले नाही, आणि विचारावेसे वाटले तेव्हा सांगणारे उरले नव्हते.

फोटोत सारेच सामावते असा माझा भ्रम नाही. आजींचा आवाज त्यात नाही. खडा सापडला की त्या जिभेने 'च्' करीत, तेही नाही. ओल्या मातीचा वास नाही. एखादा दिवस असा येतो की फोन हातात घ्यावासा वाटत नाही. आजी गेल्या त्या दिवशीचा फोटो आहे तो त्यांच्या बंद दाराबाहेर ठेवलेल्या कळशीचा. त्याखाली ओळ लिहिली नाही. नुसती तारीख आहे.

यंदाच्या पाडव्याला व्यापारी नव्या वह्यांचे पूजन करतील. आपणही एक कोरी वही घ्यावी, पाच-पंचवीस रुपयांची. नव्या कपड्यांचे, रांगोळीचे, फराळाच्या ताटाचे फोटो तर निघतीलच. ते अवश्य काढावेत. पण चकलीचा सोऱ्या दाबताना कपाळावर पीठ लागलेली घरातली जी कोणी असेल, आई, आजी, वहिनी किंवा हौसेने मदतीला आलेले घरचे यजमान, तिचा-त्याचा एक काढून ठेवा. 'थांब, आवरून येते' असे ती म्हणेल. तिला म्हणावे, थांबू नकोस, चकल्या कर.